रविवारचं ओलं ताट

तीस वर्षं नाशकात बातमीदारी करतेय. बातमीचं एक बरं असतं, छापली की हातावेगळी होते. किस्से तसे नसतात. ते ‘जागा नाही’ म्हणून डेस्कवरून परत येतात, डायरीच्या मागच्या पानांवर जाऊन बसतात आणि चार मित्र जमले की आपणहून बाहेर पडतात. माझ्या डायरीची मागची पानं आता पुढच्या पानांपेक्षा जास्त झालीत!

त्यातली सगळ्यात जास्त पानं एका मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाने खाल्ली आहेत. रेसिडेंट डॉक्टरांचं वसतिगृह. म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे एमडी करणारी, दिवसरात्र वॉर्ड सांभाळणारी पोरं. कॉलेजचं नाव सांगणार नाही. मी घाबरते म्हणून नव्हे. नाव सांगितलं की बाकीची कॉलेजं ‘आमच्याकडे असलं काही नाही हो’ म्हणून मोकळी होतात, म्हणून.

तिथे मी पहिल्यांदा गेले ती एका मुलाच्या मृत्यूची बातमी करायला. दोन वर्षं झोप आणि हसू दोन्ही हरवून बसला होता, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चौकशी समिती बसली. ती अजून बसलेलीच आहे, उठलेली नाही.

पुढे तशीच दुसरी बातमी मला लिहावी लागली असती. निखिलची. ती लिहावी लागली नाही, त्याचे हे किस्से. श्रेय समितीचं नाही. माझंही नाही.

*

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा.

त्या मृत्यूनंतर मी माहितीच्या अधिकारात रेसिडेंटच्या रजेचे कागद मिळवले. पाहते तर काय, लांब रजेवर गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कावीळ! मुलांना कावीळ, मुलींना कावीळ, पहिल्या वर्षाला कावीळ, तिसऱ्या वर्षाला कावीळ. माझ्यातली बातमीदार उसळली. भावी डॉक्टर घाण पाणी पितायत! पहिलं पान!

फोटोग्राफरला घेतलं, दोन बाटल्या घेतल्या आणि थेट वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याची टाकी गाठली. मी बाटली बुडवतेय, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘ताई, टाकीत काय शोधताय?’’

एक मुलगी दोरीवर अ‍ॅप्रन वाळत घालत होती. डॉ. रेवती, मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. नाशिकचीच, जीभ सुरीसारखी.

‘‘कावीळ शोधतेय,’’ मी म्हणाले.

ती हसायला लागली. हसता हसता टाकीच्या पायरीवर बसलीच. मग तिने मला समजावून सांगितलं. रजेच्या अर्जावर डिप्रेशन लिहिलं की अर्ज परत येतो. ऑफिसातले क्लार्कच मायेने सल्ला देतात, ‘डॉक्टर, कावीळ लिहा ना. महिनाभर सुट्टी, आणि कोणी भेटायलाही येत नाही.’

‘‘आमची कावीळ पाण्यातून होत नाही ताई,’’ रेवती म्हणाली. ‘‘छत्तीस तासांची ड्युटी सलग लावली की होते!’’

पाण्याचे नमुने मी तरीही तपासायला दिले. पाणी स्वच्छ निघालं. त्या इमारतीत तेवढंच स्वच्छ होतं.

*

माझ्या दोन-तीन बातम्यांनंतर कॉलेजला जाग आली. अधिष्ठात्यांनी रेसिडेंटसाठी ‘तणावमुक्ती शिबिर’ ठेवलं. वेळ सकाळी सात. हजेरी सक्तीची.

त्र्यंबक रस्त्यावरच्या एका आश्रमातले गुरुजी आले होते. गोड आवाज, पांढरे कपडे, पुढे समई. समोर सभागृहभर पोरं, त्यातली निम्मी रात्रपाळी करून थेट आलेली.

गुरुजी म्हणाले, ‘‘डोळे मिटा.’’

मिटले!

‘‘दीर्घ श्वास घ्या.’’

घेतला. मग सोडलाही. मग जो काही आवाज सुरू झाला, तो श्वासाचा नव्हता.

पंचवीस मिनिटांनी गुरुजी म्हणाले, ‘‘आता हळूहळू डोळे उघडा.’’ एकानेही उघडले नाहीत. गुरुजींनी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. शेवटी अधिष्ठात्यांना म्हणाले, ‘‘इतक्या सहज ध्यान लागणारी मुलं मी आयुष्यात पाहिली नाहीत.’’

पहिल्या रांगेत एकटा जागा होता. ताठ बसलेला, डोळे उघडे, नजर समईवर. तो निखिल. रेवतीच्याच वर्षाचा, सटाण्याकडच्या गावातला. मला वाटलं, वा, किती मन लावून ऐकतोय! अशा वेळी माझे डोळे काय कामाचे, ते तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याला तिथेसुद्धा झोप येत नाही, त्याची काळजी करायची असते.

जी पोरं आली नव्हती, त्यांना दुसऱ्या दिवशी नोटीस मिळाली: ‘तणावमुक्ती शिबिरास गैरहजर राहिल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल.’

*

आता लताबाई.

लताबाई मेस चालवतात. मूळच्या पेठ तालुक्यातल्या, साठीच्या घरात, गुडघे दुखरे, आवाज दुखरा नाही. पोरं ताटं खोलीत घेऊन जायची ती परत यायची नाहीत, पलंगाखाली बुरशी धरून सापडायची. कंटाळून लताबाईंनी फर्मान काढलं: ज्याने त्याने आपलं ताट आणायचं, त्यावर नाव कोरून आणायचं, जेवल्यावर आपलं आपण धुवायचं आणि व्हरांड्यातल्या मांडणीत उभं करून ठेवायचं.

पोरं भांडी बाजारात जाऊन नावं कोरून आली. एकाने मोठ्या हौसेने ‘डॉ.’ लावून आणलं. लताबाईंनी ताट परत केलं. ‘‘हे खोडून आण. जेवायला डॉक्टर नाय बसत, पोरगं बसतं.’’

त्या पोरांच्या मागे लागायच्या ते ताटांसाठी. पण एक दिवस निखिल मांडणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मावशी, यात तर सगळा वॉर्ड दिसतो!’’

त्याला दिसलं ते असं. दुपारी तीन वाजता पाहिलं तर जेवलेल्यांची ताटं ओली असतात. जो जेवला नाही, त्याचं कोरडं. एक वेळ कोरडं असेल तर ड्युटी असेल, बाहेर खाल्लं असेल. सलग दोन वेळा कोरडं असेल, तर काहीतरी बिनसलंय.

त्या दिवसापासून नियम झाला. दोन वेळा कोरडं राहिलेलं ताट लताबाई बाजूला काढणार. मेसमध्ये जो समोर दिसेल, त्याने त्यात वाढून घ्यायचं आणि त्या खोलीचं दार वाजवायचं. ‘काय झालं’ असं विचारायचं नाही. ‘बाहेर ये, बोलूया’ असंही म्हणायचं नाही. फक्त इतकंच: ‘‘भाजी ही आहे. चालेल, की अंडं करून आणू?’’

मी विचारलं, ‘‘असं का रे?’’

निखिल म्हणाला, ‘‘ताई, काय झालंय ते त्यालाच कळत नसतं. अंडं हवं की नको, एवढं कळतं.’’

ज्यासाठी मोठमोठ्या समित्या बसतात, ते या पोराने भांड्यांच्या मांडणीवरून शोधून काढलं होतं. पहिल्याच महिन्यात चार दारं वाजली. त्यातलं एक उघडायला पाऊण तास लागला. ताट घेऊन बाहेर बसलेली मुलगी तिथेच जमिनीवर बसून राहिली, दोनदा भाजी गरम करून आली. दार उघडलं. अंडं हवं होतं.

*

लागूनच एक हलकाफुलका.

मेडिसिनच्या वॉर्डात देवळाली कॅम्पचे एक निवृत्त हवालदार दाखल होते, डेंग्यूसाठी. मिशा शाबूत, प्लेटलेट्स कमी. सोमवारी सकाळी त्यांनी रेवतीला पाहिलं, सोमवारी संध्याकाळी पाहिलं, मंगळवारी सकाळी पुन्हा पाहिलं, त्याच कपड्यांत.

‘‘मॅडम, तुमचा रिलीफ कुठंय?’’

‘‘रिलीफ नाही काका. आज संध्याकाळपर्यंत मीच.’’

‘‘आमच्याकडं दोन तासांनी पहाऱ्यावरचा संत्री बदलतो. पेंगणारा संत्री काय कामाचा?’’ असं म्हणून हवालदार पलंगावरून उतरले, सलाईनचा स्टँड हातात धरला आणि स्टूलकडे बोट दाखवलं. ‘‘वीस मिनिटं. बसा. हा हुकूम आहे!’’

रेवती बसली आणि त्याच क्षणी भिंतीला टेकून झोपली.

नेमका तेव्हाच मोठ्या सरांचा राउंड आला. मोठे सर म्हणजे मेडिसिनचे विभागप्रमुख. चाळीस वर्षांची प्रॅक्टिस, कपाळाला कायमची आठी. पोरांनी काहीही तक्रार केली की त्यांचं ठरलेलं वाक्य: ‘‘आमच्या वेळी आम्ही रडत नव्हतो.’’ मेसच्या पायरीवर तोवर त्यांचा पाय कधी पडलेला नव्हता.

वॉर्डाच्या दारात हॉस्पिटलच्या कपड्यांतले हवालदार, स्टँडसकट, आडवे उभे.

‘‘काय आहे?’’ सरांनी विचारलं.

हवालदारांनी डाव्या हातात स्टँड सांभाळून उजव्या हाताने कडक सॅल्यूट ठोकला. ‘‘आत संत्री झोपलाय सर. अकरा मिनिटं बाकी आहेत!’’

मागची पोरं एकदम केसपेपर चाळायला लागली. सरांनी आत वाकून पाहिलं. घड्याळ पाहिलं. ‘‘आधी बायकांचा वॉर्ड घेऊ,’’ म्हणाले आणि वळले.

पोरांनी हा किस्सा मला सांगितला तेव्हा मी म्हणाले, ‘‘त्यात काय कौतुक? अकरा मिनिटं दिली फक्त!’’ मी त्यांच्यावर तेव्हा फार चिडलेली होते. तो राग अजून पूर्ण उतरलेला नाही.

*

आता तो रविवार.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. पहिल्यापासून. लताबाई पंचवटीत लेकीकडे जातात. त्या रविवारी सोमवारचे छोले भिजत घालायचे राहिले, म्हणून सात वाजता परत आल्या. व्हरांड्यातला दिवा लावला. मांडणीत सगळी ताटं कोरडी.

एक सोडून. एका ताटातून पाणी ठिबकत होतं. ‘निखिल’.

लताबाई मला म्हणाल्या, ‘‘ताई, मी चूलच पेटवली नव्हती. आन् ह्याचं ताट ओलं!’’

झालं होतं ते असं. कोरडं ताट म्हणजे काय, हे ज्याने सगळ्यांना शिकवलं, तो नियम चुकवायचा कसा, हेही त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तो कित्येक दिवस जेवतच नव्हता. दोन्ही वेळा यायचा, ताट नळाखाली धरायचा, मांडणीत ठेवायचा आणि जायचा. गर्दीत कोण बघतंय? सगळ्यांची दारं वाजवणाऱ्याच्या दारावर कोणी जाऊ नये, म्हणून.

फक्त आज रविवार आहे, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्यासाठी वार संपले होते.

लताबाई गुडघे धरत तीन मजले चढल्या. दार वाजवलं. त्याने उघडलं.

‘‘जेवलास?’’

‘‘हो मावशी. वरण-भात, भेंडी.’’

‘‘चांगली झाली व्हती भेंडी?’’

‘‘छान झाली होती.’’

लताबाई नुसत्या बघत राहिल्या. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने खिडकीकडे पाहिलं, मोबाइलवरचा वार पाहिला आणि उंबऱ्यातच खाली बसला.

‘‘चल खाली,’’ लताबाई म्हणाल्या. ‘‘छोले निवडायचेत. मला चष्म्यानं पण दिसत नाय.’’

लताबाईंना चष्म्याने सुईत दोरा ओवता येतो.

तो खाली आला. परात मांडीवर घेऊन छोले निवडत बसला. त्या पिशवीत निवडायला काही नव्हतंच, पण निवडत राहिला. अर्ध्या-पाऊण तासाने म्हणाला, ‘‘मावशी, मला सकाळ नकोशी वाटते.’’

‘‘कधीपास्नं?’’

‘‘लय दिवस झाले.’’

लताबाईंनी अधिष्ठात्यांना फोन केला नाही. समितीला नाही, मलाही नाही. रेवतीला केला. ती दहा मिनिटांत आली. तिने विचारलं, ‘‘अंडं करू?’’ आणि इतकी वर्षं रडणं गिळलेला तो पोरगा छोल्यांच्या परातीवर हुंदके देत म्हणाला, ‘‘दोन.’’

त्या दिवसापासून त्याच्या खोलीत तो एकटा झोपला नाही. ड्युटीच्या तक्त्याशेजारी आणखी एक तक्ता लागला, एवढंच.

*

दुसऱ्या दिवशी रेवती त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेली. कॉलेजच्याच ओपीडीत जायला तो तयार नव्हता. ओळखीच्या लोकांनी पाहिलं तर? म्हणून गावातलं एक खासगी क्लिनिक गाठलं. निखिलने मास्क लावला, टोपी घातली, वर चष्मा.

वेटिंग रूममध्ये आणखी तिघं होते. तिघांनाही मास्क. एकाला टोपी.

पाच मिनिटं सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग टोपीवाला म्हणाला, ‘‘निखिल?’’

तो सर्जरीचा सिनिअर! त्याच्या बाजूची भूलशास्त्राची मुलगी. आणि कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवणारे सर!

‘‘मी एका पेशंटला घेऊन आलोय,’’ सिनिअर घाईने म्हणाला.

‘‘मीपण,’’ भूलवाली म्हणाली.

सरांनी घसा खाकरला. ‘‘आमच्या शेजाऱ्यांना जरा...’’

तेवढ्यात आतून क्लिनिकमधली बाई बाहेर आली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, ‘‘सगळे पेशंटला घेऊन आलेत. मग पेशंट कोण आहे तुमच्यात?’’

निखिलने मास्क काढला, टोपी काढली आणि शाळेतल्यासारखा हात वर केला. ‘‘मी.’’

क्षणभराने सिनिअरचा हात वर आला. मग मुलीचा. वर्तमानपत्र सावकाश खाली झालं.

मी तीस वर्षांत मंत्र्यांना राजीनामे देताना पाहिलंय, गुन्हेगारांना शरण येताना पाहिलंय. त्या हाताइतकं धाडस मी पाहिलेलं नाही. आणि तेही मला पाहायला मिळालं नाही, रेवतीने सांगितलं.

*

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, नियमित भेटी ठरवल्या आणि तीन महिने विश्रांती लिहून दिली. तीन महिन्यांपेक्षा जास्त झालं तर टर्म जाणार, म्हणजे सगळं वर्ष पुन्हा. आणि रजेवर सही मोठ्या सरांची.

मी त्या दिवशी मुद्दाम त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. नकार दिला तर तिथूनच बातमी पाठवायची, असं ठरवून.

सरांनी अर्ज वाचला. कारण: डिप्रेशन. पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

‘‘कावीळ लिहून आण. आत्ता सही करतो.’’

निखिल उभाच.

‘‘तुझ्या भल्याचं सांगतोय. हा शब्द तुझ्या फाइलला आयुष्यभर चिकटेल. आमच्या वेळी आम्ही...’’

‘‘रडत नव्हतात, माहीत आहे,’’ मी मध्येच बोलले. ‘‘सर, तुमच्या वेळी तुम्हाला कोणी विचारलं तरी होतं का?’’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात निखिल बोलला. अगदी हळू, राउंडवर केस सांगावी तसा.

‘‘सर, पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत. डोळे पांढरे असतील तर कावीळ लिहायची नाही.’’

माझ्या वहीवरचं पेन थांबलं. सर बराच वेळ त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. तपासत असावेत. मग त्यांनी सही केली आणि मान वर न करता अर्ज पुढे सरकवला.

त्या कॉलेजच्या रजेच्या फाइलींतलं ते पहिलं बरोबर निदान!

*

निखिल गावी गेला. आई अंगणवाडी सेविका. पोरगा वसतिगृहात असताना ती त्याला फोन करायची नाही, लताबाईंना करायची. ‘‘मना निखिल जेवना का वं माय?’’ ही अहिराणीत विचारणार, त्या पेठच्या बोलीत सांगणार, आणि दोघींचं व्यवस्थित जमायचं.

पण गावात झालं भलतंच. डॉक्टर घरी आलाय म्हटल्यावर लोक भेटायला आले. रिकाम्या हाताने नाही, रिपोर्ट घेऊन! एकाने अंगणातच बाही वर केली, ‘‘जरा बीपी बघ ना भाऊ.’’ एकीने तीन वर्षांचे एक्स-रे आणले. दुसऱ्या दिवशी अंगणात रांग. आणि नाही म्हणता येत नाही, हाच तर त्याचा आजार. तो तपासत बसला.

आईने एक दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीतली पाटी आणली, खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दारावर टांगली:

‘डॉक्टर स्वतः पेशंट आहे. नंबर लावू नये.’

भावकीतला कोणीतरी म्हणाला, ‘‘लोक काय म्हणतील? झाकून ठेवायचं सोडून दारावर लावलंस?’’

ती म्हणाली, ‘‘मनं पोर शे ते, दवाखाना नही!’’

पाटी तीन महिने हलली नाही. पावसाने पुसली की ती पुन्हा लिहायची. पण दुसऱ्या आठवड्यात एक बाई आली ती रिपोर्ट न घेता. पाटीकडे बोट दाखवून आईला म्हणाली, ‘‘माझ्या सुनेचंपण असंच आहे. तुझा पोरगा कुठल्या डॉक्टरकडे जातो?’’

*

इकडे मेसमध्ये अडचण उभी राहिली. निखिलचं ताट.

ते मांडणीत कोरडं उभं. लताबाई म्हणाल्या, ‘‘काढून ठेवणार नाय. आन् कोरडं मला बघवत नाय.’’

मग रेवतीने आणखी एक तक्ता केला. आठवड्याचे सात वार, सात माणसं. ज्याचा वार, त्याने दुपारचं जेवण निखिलच्या ताटात जेवायचं, ताट धुवायचं, मांडणीत ठेवायचं आणि ओल्या ताटाचा फोटो त्याला पाठवायचा. फोटो लताबाईंच्याच फोनवरून, म्हणजे ‘मी आज तुझ्या ताटात जेवलो’ असं कोणाचं उपकाराचं बोलणं नको. सोबत मजकूर नाही. बरा आहेस का, कधी येतोस, काही नाही. नुसतं ओलं ताट.

तक्ता मी पाहिला. सहा वारांपुढे नावं होती. गुरुवारपुढे नुसती रेघ.

‘‘गुरुवारी कोण?’’

‘‘आहे एक जण,’’ रेवती म्हणाली.

‘‘नाव का नाही?’’

‘‘त्याची अट आहे.’’

तीस वर्षांत माझ्यापासून आमदारांची लफडी लपली नाहीत, पण हा गुरुवार लपला. लताबाईंना विचारलं, तर त्या भाकरी थापण्यात एकदम गढून गेल्या. दर गुरुवारी मला कुठे ना कुठे प्रेस, म्हणजे पत्रकार परिषद, असायची आणि जाणं व्हायचं नाही.

फोनवर निखिल म्हणाला, ‘‘ताई, सगळ्यांचे फोटो नीट येतात. गुरुवारचा तेवढा तिरका, आणि कोपऱ्यात दर वेळी अंगठा! कोणाला मोतीबिंदू झालाय?’’

तो हसत होता. तिसऱ्या महिन्यात. मी फोन ठेवला आणि न्यूजरूममध्ये उगाचच शेजारच्यावर खेकसले.

एक सांगून ठेवते. या तीन महिन्यांत छत्तीस तासांच्या ड्युट्या संपल्या नाहीत. समिती उठली नाही. मोठ्या सरांशी माझं आजही पटत नाही, आणि या सगळ्यावर मी लिहायची थांबणार नाही. पोरांनी एकमेकांना सांभाळलं म्हणून कॉलेजची जबाबदारी संपत नाही.

*

निखिल परत आला, टर्म जायला चार दिवस राहिले असताना. कोणाला न सांगता आला. दुपारी दोनचा सुमार. आई सोबत, हातात डाळिंबांची पिशवी. मी नेमकी मेसमध्ये होते. लताबाईंनी त्या दिवशी मला जेवायलाच बोलावलं होतं, ‘‘प्रेस-बिस सोडा आन् या’’ म्हणून.

तो व्हरांड्यात मांडणीसमोर थांबला. एकेका ताटावरून बोट फिरवत गेला. आपलं नाव सापडेना. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. चेहरा उतरला.

‘‘मावशी, माझं ताट?’’

लताबाईंनी पोळी तव्यावर टाकली. ‘‘आज गुरुवार. आत बघ.’’

तो आत आला. भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर, दाराकडे पाठ करून, मोठे सर जेवत होते. कोटाच्या बाह्या वर केलेल्या. ताटात मटकीची उसळ.

निखिल जागच्या जागी उभा राहिला. सरांनी मान वळवली. त्याला नखशिखांत पाहिलं. डोळ्यांत जरा जास्त वेळ.

‘‘थांब पाच मिनिटं. माझं व्हायचंय.’’

शेवटचा घास खाल्ला. पोळीच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं. उठले, व्हरांड्यातल्या नळाशी गेले, साबण लावून ताट धुतलं, दोनदा विसळलं, मांडणीत नीट उभं केलं. मग खिडकीतला लताबाईंचा फोन उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि एक फोटो काढला.

निखिलच्या खिशात फोन वाजला.

त्याने काढून पाहिला. ताट तिरकं होतं. कोपऱ्यात अंगठा.